पोटखराबा

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की नजर आधी नावावर जाते, मग क्षेत्रावर. क्षेत्राच्या त्याच रकान्यात एक शब्द दबून बसलेला असतो: पोटखराबा. आपल्याच हद्दीतली, पण लागवडीला न येणारी जमीन. खडक, ओघळ, मुरमाड तुकडा. तिच्यावर आकारणी नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही. वाटणीत भाऊ भांडतात ते काळ्या रानासाठी; खडकासाठी भांडलेले भाऊ मी अजून पाहिले नाहीत.

हा शब्द मला आठवला तो अगदी भलत्या ठिकाणच्या संदर्भात. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सुमारे १३० किलोमीटरवर रोझामंड नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या उघड्या टेकाडांवर विलो स्प्रिंग्ज हा मोटारींचा आणि मोटारसायकलींचा शर्यतीचा ट्रॅक आहे. पहिली शर्यत नोव्हेंबर १९५३ मधली. अडीच मैल लांबी, नऊ वळणं, आणि मूळ आखणी तेव्हापासून तीच. ‘पश्चिमेतला सर्वांत वेगवान रस्ता’ अशी त्याची बिरुदावली. १९९६ साली राज्याने त्याची ऐतिहासिक ठिकाण म्हणून नोंदही केली. मला मात्र या सगळ्यापेक्षा एका साध्या हिशेबाने थांबवलं. या संकुलाची एकूण जागा सुमारे ६०० एकर. मुख्य ट्रॅक अडीच मैलांचा. त्याची रुंदी सरासरी ४० फूट धरली, तर डांबराखाली गेलेली जमीन भरते जेमतेम १२ एकर. आवारातले इतर लहान ट्रॅक, गाड्या दुरुस्त करायचे पिट, गाड्या उभ्या करायच्या जागा असं सगळं सढळ हाताने त्यात मिळवा. तरीही उरते ती बहुतेक नुसती माती. काटेरी झुडपं, वाळू, खडे, वारा. आपल्याकडे मोजणी झाली असती तर तलाठ्याने जवळजवळ सगळा उताराच पोटखराबा लिहिला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शर्यतीच्या ट्रॅकची खरी मालमत्ता ही माती आहे. डांबर हा तिचा किरकोळ भाग. हे म्हणणं ऐकताच पटणार नाही, म्हणून जरा सावकाश बघू.

आपण रोज ज्या रस्त्यावरून जातो, त्याच्या कडेला काय असतं? समोरून येणारी गाडी, विजेचा खांब, पानटपरी, झाडाचा बुंधा, माणसं. घाटात एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. मध्ये पांढरा रंग दिलेला कठडा, तोही काही ठिकाणी आधीच कुणीतरी तोडून गेलेला. अशा रस्त्यावर चुकीला जागाच नाही. म्हणून शहाणा चालक चुकीपासून दहा हात लांब राहतो, आणि त्याने तसंच राहावं. पण यात एक गोष्ट होते. टायर नेमका कुठे पकड सोडतो, ब्रेक किती दाबला की चाक घसरतं, ओल्या वळणावर गाडीचं मागचं अंग कधी सुटतं, हे त्या शहाण्या माणसाला जन्मभर कळत नाही. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही आपल्या गाडीची हद्द ओळखत नसतो, कारण तो हद्दीपर्यंत कधी गेलेलाच नसतो. ज्या दिवशी जातो, त्या दिवशी समोर ट्रक असतो.

हद्द ओलांडल्याशिवाय हद्द कळत नाही. पोराला सायकल शिकवायला बाप गल्लीत उभा राहत नाही, मैदानावर नेतो. मैदानावर सायकलीसाठी खास असं काहीही नसतं. तिथे असते ती पडायला जागा. पोर पडतं, गुडघा सोलवटतं, उठतं, आणि तोल म्हणजे काय हे तोल गेल्यावरच त्याला कळतं. विलो स्प्रिंग्ज हे असंच सहाशे एकरांचं मैदान आहे. फक्त पडणारं पोर ताशी दोनशे किलोमीटरने येत असतं.

मोटारशर्यतींना हे लगेच सुचलं नव्हतं. पहिली पन्नास वर्षं बऱ्याच शर्यती गावागावांना जोडणाऱ्या चालू रस्त्यांवर होत. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावाने १९४८ पासून मुख्य रस्त्यावर शर्यती भरवल्या. लोक फूटपाथवर उभे राहून बघत. १९५२ साली एक गाडी त्या गर्दीला घासून गेली आणि सात वर्षांचा एक मुलगा गेला. तिथली शर्यत गावातून उठली. पुढे जून १९५५ मध्ये फ्रान्सच्या ल मां इथे एक मर्सिडीज गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं एका वेळी मेली. चूक चालकांची होती, यंत्राची होती की आखणीची, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्यापुरता मुद्दा साधा आहे: त्या चुकीला जायला जागा नव्हती, म्हणून ती माणसांत गेली.

विलो स्प्रिंग्ज या दोन घटनांच्या मध्ये जन्मलं. अमेरिकेत वळणावळणाच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेल्या आणि कायम राहिलेल्या सर्वांत जुन्या ट्रॅकांत त्याची गणना होते. आणि ते मोहावीतच व्हावं यात मला नवल वाटत नाही. त्या वाळवंटाला चुका पोटात घालायची सवय आधीपासून होती.

ट्रॅकच्या पूर्वेला, मोटारीने थोड्याच अंतरावर, रॉजर्स नावाचं कोरडं तळं आहे. तळं म्हणजे पाणी नव्हे. वाळलेल्या चिकणमातीचं सपाट, टणक पात्र, सुमारे ११४ चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो, पातळ पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे लोटतो, आणि मागच्या वर्षीच्या भेगा आपोआप लिंपल्या जातात. शेणाने सारवलेलं अंगण जसं, तसं. या तळ्याकाठी कोरम नावाचं कुटुंब राहायला आलं होतं. त्यांना वस्तीला आपलं नाव द्यायचं होतं, पण तशाच नावाचं टपाल कार्यालय दुसरीकडे होतं. म्हणून त्यांनी नावाची अक्षरं उलटी केली आणि मुरॉक झालं. दुसऱ्या महायुद्धाआधी लॉस एंजेलिसची पोरं आपापल्या जुन्या गाड्यांना हातोडीपान्याने छळून, हलकं करून, या मुरॉकवर पळवायला आणत. शहरातल्या रस्त्यावर पळवल्या तर पोलीस पकडत, नाहीतर झाड. इथे दोन्ही नव्हतं.

मग तीच जागा लष्कराने घेतली, आणि कारण तेच. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी वैमानिक चक येगरने बेल एक्स-१ या विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला तो याच आकाशात. त्याच्या दोनच रात्री आधी घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, ती गोष्ट सगळे सांगतात. मला त्याचं उतरणं जास्त महत्त्वाचं वाटतं. ते विमान दुसऱ्या मोठ्या विमानाच्या पोटाखालून सोडलं जायचं, इंधन काही मिनिटांत संपायचं, आणि मग इंजिनाशिवाय तरंगत खाली यायचं. धावपट्टी चुकली तर? तळ्यावर धावपट्टी चुकणं अवघड. तिथे जवळजवळ सगळंच धावपट्टी. १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे अवकाशात गेलेलं पहिलं स्पेस शटल पृथ्वीवर परतलं तेही याच मातीवर, तसंच इंजिनाविना, दुसरी फेरी मारायची सोय नसताना. पुढे मार्च १९८२ मध्ये तळं ओलं होतं, तेव्हा यानाला न्यू मेक्सिकोत उतरावं लागलं. हजारो माणसांच्या बुद्धीने घडवलेलं यंत्र आणि त्याला आधार कशाचा, तर पीक न येणाऱ्या जमिनीचा.

आता ट्रॅककडे वळू, कारण गंमत तिथल्या बारकाव्यात आहे.

विलो स्प्रिंग्जचं आठवं वळण उजवं, लांबलचक आणि अतिवेगवान. ब्रेकला हात न लावता, पोटात गोळा धरून जायचं. ते संपतं न संपतं तोच नववं येतं. तेही उजवंच, पण आत आत आवळत जाणारं. आठव्याच्या वेगाच्या धुंदीत असलेला नवखा माणूस नवव्यात लवकर वळतो, आणि वळण आवळायला लागलं की त्याच्याकडे रस्ता उरत नाही. गाडी डाव्या कडेकडे सरकते आणि डावीकडची दोन चाकं डांबर सोडून मातीत उतरतात. या क्षणी काय करायचं, हे ट्रॅकवरचे शिक्षक सगळ्यांत आधी शिकवतात. शिकवावं लागतं, कारण आपला हात नेमकं उलट करायला शिवशिवतो. हात म्हणतो, स्टिअरिंग उजवीकडे ओढ, रस्त्यावर ये. शिक्षक म्हणतात, ओढू नकोस. सरळ धर. जमलं तर हळूहळू ये. नाही जमलं तर उरलेली दोन चाकंही मातीत जाऊ दे.

कारण असं. मातीत पकड कमी, म्हणून ओढलेल्या स्टिअरिंगला गाडी आधी दाद देत नाही. माणूस आणखी ओढतो. वळवलेली पुढची चाकं अचानक पुन्हा डांबरावर चढतात, पकड एकदम परत मिळते, आणि गाडी बाणासारखी रस्त्याच्या पलीकडे आडवी जाते, मागून येणाऱ्यांच्या तोंडात. मातीत शांतपणे गेलेल्याला धुळीचा लोट भोवतो, एवढंच. घाबरून परत आलेल्याला रुग्णवाहिका लागते. चूक अर्धी करू नये, झाली तर पुरी करावी, असा हा धडा आहे. आणि तो धडा देता येतो तो डावीकडे माती मोकळी आहे म्हणूनच. तिथे भिंत असती तर शिक्षकाला हे सांगायची सोयच नव्हती.

मोटारसायकलवाल्यांना हीच गोष्ट अंगावर कळते. झुकलेल्या बाईकचं चाक घसरलं आणि घसरतच राहिलं, तर बाईक खाली बसते आणि स्वार तिच्यामागे चामड्याच्या कपड्यांत घसरत जातो. वेग मोठा असला तरी अनेकदा तो उठून कपडे झटकतो. वाईट प्रकार दुसरा: मागचं चाक घसरतं आणि मध्येच त्याला पकड सापडते. मग बाईक झटक्यात उभी होते आणि स्वाराला वर भिरकावते. सुटलेल्या पकडीपेक्षा अवचित परत मिळालेली पकड जास्त मारते. आणि घसरणाऱ्या स्वाराला जमिनीपेक्षा भीती असते ती जमिनीवर उभ्या असलेल्या कशाचीही. खांब, कठडा, दुसरी बाईक. त्याला हवं असतं ते काहीही नसलेलं अंतर.

इथे कुणी शंका काढेल: मग कुठल्याही वाळवंटात डांबर ओतलं की झालं? नाही. मोकळी जागा ही आपोआप दयाळू नसते. गाडी सरळ मातीत गेली तर ठीक. आडवी गेली तर मऊ मातीत चाकं रुततात, आणि रुतलेल्या चाकांवर गाडी कोलांटी खाते. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. विलो स्प्रिंग्जच्या वायव्येला, तेहाचापीच्या डोंगरउतारांवर पवनचक्क्यांची रानंच्या रानं उभी आहेत. वारा तिथे किती आणि कसा वाहतो, हे त्यावरून ओळखावं. तो वारा आठव्या वळणावर झुकलेल्या बाईकला ढुशी देतो, वर ट्रॅकवर वाळू आणून टाकतो. आखातातल्या बहारीनमध्ये २००४ साली साखीरचा ट्रॅक सुरू झाला तेव्हा भोवतालची वाळू उडू नये म्हणून तिच्यावर चक्क डिंकासारखा चिकट फवारा मारला होता. कतारच्या लुसैल ट्रॅकने वाळू अडवायला कडेने कृत्रिम हिरवळ अंथरली. पोटखराबाही राखावा लागतो.

आणि साखीरचंच दुसरं उदाहरण. २९ नोव्हेंबर २०२० रोजी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत, रोमां ग्रोजांची गाडी दुसऱ्या गाडीला लागून उजवीकडे वळली आणि ताशी १९२ किलोमीटरने कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले, पुढचा भाग लोखंडी पट्ट्या फाडून आत घुसला, आगीचा गोळा उठला. ग्रोजां सत्तावीस सेकंद त्या आगीत होता आणि स्वतः बाहेर आला. डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या कमानीने तो वाचला, हे जगाने पाहिलं. मी मात्र तो कठडा पाहत राहिलो. सगळीकडे क्षितिजापर्यंत वाळवंट, आणि एवढ्या विस्तारात त्या एका ठिकाणी रस्त्याला तिरका, जवळ आलेला लोखंडी कठडा. सरळ भागावरून कुणी उजवीकडे जाईल असं आखणाऱ्याला वाटलं नसावं. पुढच्या रविवारी त्याच ट्रॅकवर पुन्हा शर्यत होती, तोवर तो कठडा बदलून त्याच्यापुढे टायरांच्या रांगा लावल्या गेल्या. नुसती जागा असून भागत नाही; चूक कुठल्या बाजूने येईल याचा विचार करून ती सोडावी लागते.

दुसरी शंका अधिक नेमकी आहे, आणि ती मला बरीच पटते. चुकीला इतकी जागा दिली तर माणूस बेफिकीर होणार नाही का? होतो. नव्या ट्रॅकांवर वळणांच्या बाहेर मातीऐवजी डांबरच पसरलेलं असतं. सुरक्षित खरं, पण तिथे बाहेर गेलेला चालक काहीही न गमावता परत येतो. कधी कधी बाहेरून गेल्याने वेगच वाढतो. मग बाहेर जाणं ही चूक राहत नाही, युक्ती होते. ऑस्ट्रियातल्या २०२३ च्या फॉर्म्युला वन शर्यतीत हद्द ओलांडल्याची बाराशेहून अधिक प्रकरणं पंचांना तपासावी लागली. निकाल शर्यत संपल्यावर काही तासांनी पुन्हा लावला गेला. पुढच्या वर्षी त्या वळणांच्या कडेला खडीचे पट्टे टाकले आणि तक्रार बरीचशी मिटली. हजार कॅमेऱ्यांना जमलं नाही ते चार डंपर खडीने केलं. आपल्याकडची पोरं ‘ग्रॅन टुरिस्मो’ या व्हिडिओ गेममध्ये विलो स्प्रिंग्जचा हाच ट्रॅक चालवतात. नववं वळण चुकलं की बटण दाबून पुन्हा सुरुवात. तिथे वळण पाठ होतं, पण मातीत गेल्यावर पोटात जो खड्डा पडतो तो पडत नाही.

माती चूक पोटात घालते, पण फुकट नाही. तिची फी असते. धूळ एअर फिल्टरमध्ये जाते, दगड रेडिएटरला भोक पाडतो, टायरला वाळू चिकटते. सरावाच्या दिवशी चारही चाकं बाहेर गेली की बऱ्याच ठिकाणी नियमच असतो: पिटमध्ये या, गाडी तपासून घ्या, काय झालं ते सांगा. सगळ्यांसमोर मातीने माखून सावकाश पिटमध्ये यावं लागतं. जीव जात नाही. दिवस जातो आणि थोडा तोरा जातो. चुकीची इतकी चोख किंमत मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. शाळेत ती लाल शाईएवढी, रस्त्यावर ती प्राणाएवढी. मधला दर कुठेच लिहिलेला नसतो.

एवढी उपयोगी जमीन, पण ती टिकत नाही. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा चित्रपट पाहिलेल्यांना केन माइल्स हा चालक आठवेल. त्यात सुरुवातीच्या भागात विलो स्प्रिंग्जची एक शर्यत आहे. प्रत्यक्षातला माइल्स १७ ऑगस्ट १९६६ रोजी गाडीची चाचणी घेताना वारला, तो रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर. तो ट्रॅक १९५७ साली लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, अशाच उजाड जागी सुरू झाला होता. मग शहर वाढत तिथवर आलं. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिच्यावर घरं दिसू लागली, आणि कडेच्या मोकळ्या मातीचा भाव डांबराच्या कितीतरी पट झाला. १९८९ साली ट्रॅक बंद. त्याच भागातला ऑन्टारियोचा प्रचंड ट्रॅक तर १९७० ते १९८० एवढा दहाच वर्षं जगला. तोही जमिनीच्या किमतीने खाल्ला. विलो स्प्रिंग्ज उरलं, कारण रोझामंडला कुणी येईना. बिल हुथ या माणसाने तो अनेक वर्षं, २०१५ मध्ये वारेपर्यंत, चालवला. २०२५ साली त्याच्या कुटुंबाकडून तो विकला गेला.

आपल्याकडे रविवारी पहाटे घाटात बाईक पळवणाऱ्या पोरांवर पोलिसांनी कारवाई केली की बातमी येते. कारवाई व्हावी, घाट ही चुकायची जागा नाही. पण तीच बातमी वाचताना आणखी एक कागद जवळ ठेवा. घरात शेतीचा सातबारा असेल तर काढा आणि पोटखराब क्षेत्राचा आकडा बघा. आमच्या उताऱ्यावर तो सव्वा एकर आहे.